तीन रेघा आणि एक फुली

माझ्या कामाच्या टेबलावर सागाचा एक ठोकळा असतो. वीतभर लांब, तीनेक किलो वजनाचा. एक टोक करवतीनं सरळ कापलेलं. दुसऱ्या टोकाला कुसू, म्हणजे सुतारानं तासून काढलेली चौकोनी जीभ, खांबाला पाडलेल्या भोकात जाऊन बसणारी. त्या कुसवाच्या एका गालावर पटाशीनं मारलेल्या तीन उभ्या रेघा आहेत आणि शेजारी एक फुली.

हे आमच्या आजोबांच्या घराच्या तुळईचं टोक. घर सावंतवाडीपासून तासाभराच्या वाटेवर, पाच खणांचं. आता ‘खण’ म्हटलं की चोळीचं कापड आठवतं, पण दोन खांबांमधल्या जागेलाही आपल्याकडे खणच म्हणतात आणि पूर्वी घर चौरस फुटांत नाही, खणांत मोजायचे. २००९च्या मे महिन्यात ते घर उतरवलं. ‘पाडलं’ म्हणायचं नाही, असं बाबांनी आम्हाला बजावलं होतं, कारण त्यांच्या मनात वेगळंच होतं. माजघराचा सांगाडा अलगद सोडवायचा आणि आमच्या वाट्याला आलेल्या जागेत पुन्हा उभा करायचा. लाकूड खणखणीत होतं. एवढ्या वर्षांत वाळवी लागली होती ती फक्त दोन वाशांना.

सांधे एकेक करून सुटले तेव्हा त्या खुणा पहिल्यांदा दिसल्या. प्रत्येक कुसवावर, प्रत्येक भोकाच्या आतल्या कडेला. कुठे दोन रेघा, कुठे चार, कुठे फुली, कुठे नुसताच ठिपका. त्या मारणारा सुतार आजोबांच्याही आधीच्या पिढीतला. त्याचा नातू गावातच होता, पण तो एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. त्यानं खुणांवरून बोट फिरवलं, तुळई उलटीपालटी करून पाहिली आणि मान हलवली.

तीन रेघा म्हणजे तिसरा खण, एवढं कुणीही सांगेल. फुली म्हणजे काय? उत्तरेची बाजू? वरची तुळई? की हे टोक आधी बसवा? गावात सुतार होते, पण त्यांच्या हातातलं काम प्लाय, सनमायका, कपाटं आणि किचन ट्रॉल्यांचं. त्यांच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही, कारण त्यांना हे कुणी शिकवलंच नव्हतं. दोन पावसाळे ते लाकूड ताडपत्रीखाली पडून राहिलं आणि तिसऱ्या वर्षी जुन्या लाकडाच्या एका व्यापाऱ्यानं ते घनफुटाच्या भावानं उचललं. टेम्पो भरायच्या आधी मी हे टोक कापून मागून घेतलं. बाबा त्या दिवशी घरातून बाहेर आले नाहीत.

मी इंग्लंडात रेडिंगला राहते. पोट सॉफ्टवेअरवर आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं शनिवार-रविवार मदतीला बोलावलं. घरामागच्या बागेत ती आणि तिचा नवरा एक खोली बांधत होते, तिच्या शिवणकामासाठी. गवंडी नाही, सुतार नाही, ठेकेदार नाही. खोलीच्या भागांच्या फायली त्यांनी इंटरनेटवरून उतरवून घेतल्या होत्या, त्या चाळीस मैलांवरच्या एका लहानशा वर्कशॉपला पाठवून प्लायवुड कापून आणलं होतं, आणि मागचे पाच रविवार दोघांनी गॅरेजमध्ये बसून त्याची खोकी जोडली होती. आता ती उभी करायची होती. आम्ही आठजण, हातात लाकडी हातोडे.

मी एक खोकं उचलायला वाकले आणि तशीच थांबले. त्याच्या कडेला, जिथे ते शेजारच्या खोक्याला चिकटणार होतं तिथे, यंत्रानं कोरलेली अक्षरं आणि आकडे होते. भिंत उभी राहिल्यावर ते कुणालाही दिसणार नव्हते. मैत्रिणीनं फोनवर एक पान उघडून दाखवलं. त्यावर तोच आकडा, त्या खोक्याचं सगळ्या बाजूंनी काढलेलं चित्र, कशानंतर काय लागतं त्याचा क्रम. मी विचारलं, “हे कुणालाही बघता येतं?” ओपन सोर्स म्हणजे काय, म्हणजे मूळ आराखडा कुणालाही बघायला, वापरायला, बदलायला खुला ठेवणं, हे मला नव्यानं कळायचं नव्हतं, तो माझा रोजचा धंदाच आहे. तरी विचारलं. ती म्हणाली, “कुणालाही. तुलासुद्धा. आत्ता.”

या पद्धतीचं नाव विकीहाऊस. २०११ साली लंडनच्या ‘झिरो झिरो’ या वास्तुरचनाकारांच्या गटातल्या अलेस्टर पार्विन आणि निक इएरोडियाकोनू यांनी ती सुरू केली, दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूच्या डिझाइन बिएनालेसाठी, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनासाठी. कल्पना अशी की घराचा आराखडा विकिपीडियाच्या लेखासारखा उघडा ठेवायचा. कुणीही तो घ्यावा, आपल्या जागेप्रमाणे बदलावा, जवळच्या यंत्रावर प्लायवुड कापून घ्यावा आणि चार माणसं गोळा करून उभा करावा. सांधे खुंटी आणि पाचरीचे, कोरियातल्या जुन्या लाकडी बांधणीवरून सुचलेले. २०१३मध्ये पार्विन टेड परिषदेत यावर बोलले तेव्हा त्यांनी एक बारीकशी गोष्ट सांगितली होती, ती मला सगळ्यांत आवडते. सांगाडा ठोकायला लागणारा हातोडासुद्धा त्याच प्लायच्या शीटमधून कापून येतो. म्हणजे हत्यार नाही म्हणून कुणी मागे राहायला नको.

मराठीत ‘पाचर मारणं’ म्हणजे एखाद्याचं काम अडवणं. सुताराच्या हातात तीच पाचर घर धरून ठेवते. हा उलटा अर्थ कुठून आला असेल, याचा विचार मी त्या दिवशी हातोडा मारता मारता बराच वेळ करत होते.

यंत्राबद्दल सांगायला हवं. सीएनसी राउटर म्हणजे एक मोठं सपाट टेबल, त्यावर प्लायची आठ बाय चार फुटांची शीट, आणि वर पुढेमागे, आजूबाजूला, खालीवर सरकणारी मोटर. मोटरला बोटाएवढा गोल कटर, मिनिटाला पंधरा-अठरा हजार फेरे घेणारा. कॉम्प्युटरमधली रेघ जिथून जाते तिथून तो जातो. प्लायवुड यासाठी सोयीचं, कारण त्याचे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात. सागाच्या फळीला रेषेच्या दिशेनं चीर जाते, प्लायला तशी जात नाही. म्हणून त्यात हव्या त्या दिशेनं खाच पाडता येते.

पण त्या यंत्राला एक गोष्ट जमत नाही. कटर गोल आहे, त्यामुळे खाचेच्या आतला कोपरा त्याला काटकोनात काढता येत नाही, तिथे गोलाई राहतेच. चौकोनी जीभ त्या गोल कोपऱ्यात अडकते. मग चित्र काढतानाच प्रत्येक कोपऱ्यात थोडी जास्तीची गोल खोबण ठेवतात, कानाच्या पाळीएवढी, म्हणजे जिभेचं टोक आत शिरायला जागा मिळते. एकदा दिसली की प्रत्येक सांध्यात ती खोबण दिसत राहते. आमच्या तुळईचं कुसू ज्या भोकातून निघालं त्याचे चारही कोपरे सुरीनं कापल्यासारखे काटकोनात होते. लाखो रुपयांच्या यंत्राला जे येत नाही ते गावच्या सुतारानं पटाशी आणि मोगरीनं, कंदिलाच्या उजेडात केलं होतं. हे मी कौतुकानं सांगते आहे, यंत्राला नावं ठेवायला नाही. यंत्रानं आपली उणीव ओळखून चित्रातच तिची सोय केली, हीसुद्धा कारागिरीच आहे.

शनिवारी दुपारपर्यंत जमिनीची खोकी बसली. लाकडी पट्ट्यांच्या पायावर एकाला एक लावून, मधे डमरूच्या आकाराचे तुकडे ठोकून. ते डमरू दोन खोक्यांना कंबरेत आवळतात, खिळा नाही, स्क्रू नाही. हातोड्याचा आवाज सुरुवातीला पोकळ येतो, डमरू केसभरच बाहेर उरला असताना तो बदलतो आणि पूर्ण बसला की एकदम भरीव होतो. तिसऱ्या-चौथ्या डमरूनंतर कानालाच कळायला लागलं. बघायची गरज राहिली नाही.

रात्री पाऊस आला. ताडपत्रीचं एक टोक वाऱ्यानं उडालं आणि भिंतीच्या दोन खोक्यांच्या कडा भिजल्या. सकाळी त्यांचे डमरू जाईनात. प्लाय अर्ध्या मिलिमीटरनं फुगलं असेल, जास्त नाही, पण सगळा खेळच त्या अर्ध्या मिलिमीटरचा. सांधा सैल सोडला तर भिंत हलते, घट्ट सोडला तर पाणी लागल्यावर तो बसत नाही. मैत्रिणीचा नवरा रडकुंडीला आला होता. मग एक वयस्कर शेजारी, आयुष्यभर बोटी दुरुस्त केलेले, पॉलिशपेपर घेऊन खाली बसले आणि एकेका डमरूच्या कडा घासायला लागले. घासायचं, लावून पाहायचं, पुन्हा घासायचं. मी त्यांच्या शेजारी बसले. दोन तास आम्ही तेवढंच केलं. रविवारी संध्याकाळी छपराचं शेवटचं खोकं चढलं तेव्हा खोलीत आधीच शांतता होती, कारण खोक्यांच्या पोटात ऊब धरणारा भराव आधीपासूनच भरलेला होता.

इथेच या पद्धतीची खरी प्रगती आहे, असं मला वाटतं. पहिल्या विकीहाऊसच्या चित्रांत प्लायच्या मोठमोठ्या फासळ्या दिसतात. जमिनीवर जोडायच्या आणि दहा-बारा माणसांनी मिळून उभ्या करायच्या, गलबताच्या सांगाड्यासारख्या एकामागून एक. फार देखण्या. २०१४च्या लंडन डिझाइन फेस्टिव्हलमध्ये स्टोअर स्ट्रीटवरच्या बिल्डिंग सेंटरपाशी अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या मदतीनं दोन मजली घर उभं राहिलं तेव्हा लोकांना भुरळ पडली ती त्या सांगाड्याची. पण सांगाडा उभा राहिला म्हणजे घर झालं नाही. ऊब, पाणी, वारा, आग, आवाज ही सगळी कामं त्यानंतर उरतात, आणि ती एकेक करून करताना स्वस्ताई आणि वेग दोन्ही निसटतात.

मग ही मंडळी आवृत्त्या काढत गेली. ओपन सिस्टम्स लॅब नावाची ना-नफा संस्था आता हे काम बघते. आवृत्त्यांना त्यांनी पाखरांची नावं दिली. आधी रेन, मग ब्लॅकबर्ड, आणि आता स्कायलार्क. स्कायलार्कमध्ये फासळ्या गेल्या आणि खोकी आली: जमिनीचं खोकं, भिंतीचं, खिडकीचं, छपराचं. दोघांना उचलता येईल असं, आत भराव घातलेलं. आमच्या खोलीची लांबी ६०० मिलिमीटरच्या पटीत होती. आठ बाय चारच्या शीटची रुंदी १२२० मिलिमीटर, तिचे दोन उभे भाग केले की जवळपास हेच माप येतं आणि प्लाय फारसं वाया जात नाही. आपल्या खणाचंही गणित असंच असणार. लाकूड केवढं मिळतं, माणसाला केवढं उचलतं, त्यावरून खण ठरत असणार.

फासळीतलं सौंदर्य सोडून खोक्याकडे यायला धीर लागतो. सॉफ्टवेअरमध्ये मी हे खूपदा पाहिलं आहे. पहिली आवृत्ती चमकदार असते आणि तिच्यावर भाषणं होतात. पाचवी आवृत्ती दिसायला साधी असते, पण तीच लोकांच्या उपयोगी पडते. स्कायलार्कची चित्रं, मापं, जोडणीचा क्रम, भारक्षमतेचे हिशेब सगळं उघडं आहे. घ्या, वापरा, बदला, त्यावर धंदा करा. फक्त सुधारणा कराल तर तीही तशीच उघडी ठेवा.

हा विचार काही २०११ साली आकाशातून पडलेला नाही. साठीच्या दशकात लंडनच्या हायगेटमध्ये वॉल्टर सेगल या वास्तुरचनाकारानं स्वतःचं घर नव्यानं बांधताना कुटुंबाची तात्पुरती सोय म्हणून बागेत एक लाकडी घर उभं केलं. दोन आठवड्यांत, सुमारे ८०० पौंडांत. ते तात्पुरतं घर पुढे कित्येक दशकं टिकलं. सेगलची युक्ती नेमकी उलटी होती. बाजारात ज्या मापाच्या शीट मिळतात त्याच मापांवर घर आखायचं, म्हणजे त्या कापायलाच नकोत. साधे बोल्ट, कोरडे सांधे, सिमेंट-वाळूचं ओलं काम जवळजवळ नाहीच. सत्तरीच्या अखेरीपासून लंडनच्या लुइशॅम नगरपालिकेनं, इतरांना नको असलेल्या उताराच्या जागांवर, घरासाठी ताटकळलेल्या सामान्य लोकांना या पद्धतीनं स्वतःची घरं बांधू दिली. त्यातली तेरा घरं ज्या गल्लीत आहेत तिला आज ‘वॉल्टर्स वे’ म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात मी ती पाहून आले. एकही घर दुसऱ्यासारखं नाही. कुणी पडवी वाढवली आहे, कुणी खिडकी दुसऱ्या भिंतीत नेली आहे. ज्यानं स्वतः बांधलं त्याला कुठला खांब हलवायचा नाही हे माहीत असतं, म्हणून बाकीचं हलवायला तो घाबरत नाही.

‘घर पहावं बांधून’ ही म्हण आपण लग्नाच्या खर्चाला जोडून म्हणतो आणि सुस्कारा सोडतो. त्या गल्लीत उभी असताना मला ती म्हण पहिल्यांदा आमंत्रणासारखी ऐकू आली.

न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये २२ फेब्रुवारी २०११ला भूकंप झाला, १८५ माणसं गेली, हजारो घरं निकामी झाली. तिथल्या काही तरुणांनी विकीहाऊस हाती घेतलं, कारण त्यांना अशी घरं हवी होती जी हलकी असतील, हादऱ्यात सांध्यांशी थोडी लवतील आणि जी उभारायला परक्या कंत्राटदाराची वाट पाहावी लागणार नाही. नेदरलँड्सच्या आल्मेरेतही या पद्धतीची घरं उभी राहिली. त्या शहराला मुळातच लोकांनी आपापली घरं बांधण्याची सवय आहे, नगरपालिका त्यासाठी भूखंड राखून देते. जिथे असा भूखंड मिळतो तिथे हे वेगानं पसरतं.

जिथे मिळत नाही तिथे? माझं मन इथे अडखळतं, आणि ते लपवायचं कारण नाही. दक्षिण इंग्लंडात घराच्या किमतीतला सगळ्यांत मोठा घास जमिनीचा. सांगाडा कितीही स्वस्त कापला तरी त्याखालची जागा कुठल्याही यंत्रावर कापून मिळत नाही. सांगाड्यानंतरचं छप्पर, नळ, वीज, खिडक्या हे सगळं आहेच. शिवाय लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीची आग. १४ जून २०१७ला त्या इमारतीत ७२ माणसं गेली, आणि त्यानंतर इंग्लंडात १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत ज्वालाग्राही सामानाला बंदी आली. दोन-तीन मजली लाकडी घरं त्या बंदीत येत नाहीत. तरी कर्ज देणाऱ्यांच्या आणि विमा उतरवणाऱ्यांच्या मनात लाकडाबद्दल धास्ती आहे आणि ती नुसत्या चित्रांनी जाणार नाही. चाचण्यांचे आकडे, हिशेब, वर्षानुवर्षं उभी राहिलेली घरं, यांनीच ती जाईल.

हे ओळखलं म्हणूनच ओपन सिस्टम्स लॅबनं एक वेगळंच काम अंगावर घेतलं. त्यांच्या लक्षात आलं की प्लायचा सांधा सुटला, पण परवानगीचा सुटत नाही. आपल्या अंगणात काय बांधायला मुभा आहे हे साध्या माणसाला कळतच नाही. नियम जाडजूड कागदांत, भाषा वकिली. म्हणून त्यांनी प्लॅनएक्स नावाची ओपन सोर्स प्रणाली तयार केली. लॅम्बेथ, सदर्क, बकिंगहॅमशायर अशा नगरपालिका-परगण्यांनी ती घडवायला आणि वापरायला हात दिला. प्रश्नाला उत्तर द्यायचं, पुढचा प्रश्न येतो, आणि शेवटी कळतं की परवानगी लागते की नाही आणि कशी मागायची. घर बांधायला निघालेली माणसं अर्जाच्या नमुन्यापाशी पोचली, याचं काहींना वाईट वाटेल. मला नाही वाटत. माझ्या बाबांचं घर लाकडाअभावी अडलं नव्हतं, माहितीअभावी अडलं होतं.

आपल्याकडे लाकूड मागे का पडलं, याची कारणं एकट्या सुतारांत शोधून भागणार नाही. १९९३मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं आपल्या कामांत लाकूड वापरणं बंद केलं. १९९६च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं जंगलतोडीवर कडक निर्बंध घातले. जंगलं वाचायलाच हवी होती, यात शंका नाही. पण त्याबरोबर लाकूड म्हणजे पाप, असा एक समजही पक्का झाला, आणि ती जागा सिमेंटनं घेतली, ज्याच्या निर्मितीतून, माणसामुळे जगभर हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ८ टक्के वायू बाहेर पडतो. २०२०मध्ये त्या विभागानं बंदी उठवली. तोवर एक पिढी गेली होती. लागवडीचं लाकूड आज आहे. हरियाणातल्या यमुनानगरचं प्लायवुड शेतांच्या बांधांवर लावलेल्या पॉप्लर आणि निलगिरीचं, पेरुंबावूरचं केरळातल्या रबराच्या झाडांचं. कोकणच्या पावसात आणि वाळवीत त्याची घरं किती टिकतील हे बांधून, मोजून पाहिल्याशिवाय मी ठामपणे बोलणार नाही.

गेल्या डिसेंबरात सुट्टीवर गेले तेव्हा सागाचा ठोकळा बॅगेत घालून नेला. विमानतळावर तो तीनदा तपासला गेला. कुडाळला एक सीएनसीवाला आहे, देवघराच्या जाळ्या आणि बंगल्यांच्या पाट्या कापतो. आता असं एकतरी दुकान जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात असतं. त्याला सांगितलं, मला एक सांधा कापून हवा आहे. ठोकळ्याचं माप घेऊन मी चित्र काढून नेलं होतं. उभ्या फळीला खाच, आडव्या फळीला जीभ, जिभेला आरपार भोक आणि त्यात पाचर. खाच १८.२ मिलिमीटरची धरली होती, म्हणजे १८च्या प्लायला जेमतेम श्वास घेता येईल एवढी.

त्यानं फाईल उघडली, पाहिली आणि यंत्राकडे गेलाच नाही. आधी व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, काढलं आणि शीटच्या चारही कडांना लावलं. प्रत्येक ठिकाणचा आकडा पेन्सिलीनं शीटवरच लिहिला.

“ह्यो अठराचो नाय,” तो म्हणाला. “खंय साडेसतरा, खंय सतरा आणि वर थोडा. बाजारात अठरा म्हणान विकतत.”

मी खाचेचं माप बदलायला लॅपटॉप उघडला, तर त्यानं थांबवलं. म्हणाला, आधी आहे तशी एक कापू, किती हलतं ते हाताला कळू दे. कापली. जीभ खाचेत लगालगा हलली. त्यानं ती दोन बोटांत धरून पुढेमागे केली, डोळे मिटून. मग १७.६ सांगितलं. मी आकडा बदलला, यंत्र फिरलं, भुसा उडाला. या वेळी त्यानं तळव्यानं दाबलं तेव्हा जीभ अर्धी आत गेली आणि थांबली. मोगरी घेतली. पहिला ठोका पोकळ. दुसराही. तिसऱ्याला आवाज भरीव झाला.

पाचर ठोकायच्या आधी त्यानं सागाचं कुसू हातात घेऊन खिडकीशी नेलं आणि त्या तीन रेघा, ती फुली बराच वेळ पाहिली. जुन्या भोकाचे कोपरे कसे होते, असं विचारलं. मी सांगितलं. “पटाशीन केल्यान,” तो म्हणाला आणि गप्प झाला. थोड्या वेळानं म्हणाला, ही खूणसुद्धा कोरू काय? मी म्हटलं, कोरा, पण जिभेच्या गालावर, आत जाईल अशी. त्यानं सांधा पुन्हा सोडवला, जीभ यंत्राखाली धरली, आणि मिनिटभरात रेघा आणि फुली प्लायवर उतरल्या. अर्थ दोघांनाही माहीत नव्हता.

निघताना त्यानं विचारलं, फाईल माझ्याकडे ठेवली तर चालेल ना. मी म्हटलं, ठेवा, कुणाला लागली तर द्या, काही बदललंत तर मला पाठवा. नाव काय देऊ, त्यानं विचारलं. आजोबांच्या सुताराचं नाव द्यावं असं फार वाटलं, पण ते आमच्या घरात कुणाच्याच लक्षात राहिलेलं नाही. मी म्हटलं, ‘खण’ लिहा.

त्यानं टाइप केलं. पडद्यावरच्या यादीत ‘कोयरी जाळी’ आणि ‘गणपती मखर’ यांच्या मधे ती फाईल जाऊन बसली.